फुकटची राखण: स्पॅमच्या काळ्या याद्यांचा इतिहास

२००३ च्या ऑगस्टमधली, अगदी शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. जगभरातल्या कितीतरी मेल सर्व्हरांनी अचानक येणारी प्रत्येक मेल नाकारायला सुरुवात केली. ग्राहकाची ऑर्डर असो, बँकेचं पत्र असो नाहीतर शेजारच्या ऑफिसातून आलेलं जेवणाचं आमंत्रण, उत्तर एकच: तुमचा पत्ता स्पॅमरांच्या यादीत आहे. सर्व्हर बिघडलेले नव्हते. सांगितलेलं काम ते इमानेइतबारे करत होते. प्रत्येक मेल आली की ते ओसिरुसॉफ्ट नावाच्या एका यादीला विचारायचे, 'हा पाठवणारा बरा माणूस आहे का?' आणि त्या दिवशी ती यादी जगातल्या प्रत्येक पत्त्याबद्दल म्हणत होती, 'नाही.'

ही यादी जो जॅरेड नावाचा एक माणूस चालवायचा. तिला विचारणाऱ्या बहुतेकांनी त्याचं नाव कधी ऐकलेलंही नव्हतं. आठवडे-आठवडे त्याच्या सर्व्हरांवर हल्ले चालू होते. शेवटी त्याने दुकान बंद करायचं ठरवलं, आणि बंद झाल्याचं लोकांना कळावं म्हणून अख्खं इंटरनेट यादीत टाकून दिलं.

मला या प्रकाराबद्दल गेली काही वर्षं कुतूहल आहे. कारण आपण इंजिनियर लोक रिलायबिलिटी म्हणजे अपटाइम समजतो. नव्व्याण्णव पॉइंट किती नऊ, बस्स. पण या याद्यांचा इतिहास वाचला की दिसतं, त्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं ते मरताना. म्हणून आज जरा सुरुवातीपासून बघू.

स्पॅमचा इतिहास मी पटकन उरकतो, तो बऱ्याच जणांना माहीत असतो. १९७८ मध्ये डीईसी कंपनीच्या गॅरी थ्युर्कने आर्पानेटवरच्या जवळजवळ चारशे लोकांना कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली आणि शिव्या खाल्ल्या. १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सिगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डची जाहिरात युजनेटच्या हजारो गटांत फेकली, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही. तिथून पुढे हा धंदा झाला.

धंदा चालला याचं एक तांत्रिक कारण होतं. त्या काळचे मेल सर्व्हर 'ओपन रिले' असायचे. म्हणजे कुणीही अनोळखी माणूस यावा, 'ही मेल तिकडे पोचवा' म्हणावं, आणि सर्व्हरने ती पोचवावी. जुन्या गावात एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायचे ना, तसं. इंटरनेट लहान असताना ही माणुसकी होती. स्पॅमर आल्यावर ती फुकटची कुरियर सेवा झाली. त्या काळी सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या सेंडमेल या सॉफ्टवेअरने अनोळखी माणसाची मेल पुढे न पाठवणं हे मूळ सेटिंग केलं, ते १९९८ मधल्या ८.९ व्हर्जनमध्ये. त्याआधी लावलेले हजारो सर्व्हर पुढे कितीतरी वर्षं उघडेच राहिले.

आता मुख्य पात्र येतं, पॉल विक्सी. डीएनएस चालवणारं बाइंड हे सॉफ्टवेअर कैक वर्षं त्याच्या देखरेखीखाली वाढलं. त्याने डेव्ह रँडबरोबर कॅलिफोर्नियात मॅप्स नावाची संस्था काढली. मॅप्स, म्हणजे स्पॅमची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा. त्यांच्या यादीचं नाव आरबीएल, रियलटाइम ब्लॅकहोल लिस्ट. पहिली कल्पना फार कडक होती. राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या बीजीपी प्रोटोकॉलमधूनच स्पॅमरांचे पत्ते पाठवायचे, आणि यादी घेणाऱ्या नेटवर्कने त्या पत्त्यांची सगळी पॅकेट्स कृष्णविवरात टाकायची. नुसती मेल नाही, वेबसाइटसकट सगळंच गायब.

पण बीजीपी चालवणारी नेटवर्कं किती असणार? एखाद्या कॉलेजच्या किंवा छोट्या कंपनीच्या मेल सर्व्हरला ही यादी कशी द्यायची? एरिक झीगास्टने सुचवलं, डीएनएसमधून द्या. आणि माझ्या मते इथेच या गोष्टीतली सगळ्यात देखणी युक्ती आहे. जरा सावकाश सांगतो.

समजा २०३.०.११३.७ या पत्त्यावरून कुणी मेल द्यायला आला. तुमचा सर्व्हर तो पत्ता उलटा करतो, ७.११३.०.२०३, आणि त्याच्यापुढे यादीचं डोमेन नाव जोडतो. मग या लांबलचक नावाचा आयपी काय आहे असं डीएनएसला साधेपणाने विचारतो. असं नावच अस्तित्वात नाही असं उत्तर आलं, तर माणूस यादीत नाही, आत येऊ द्या. १२७.०.०.२ असं उत्तर आलं, तर यादीत आहे. १२७ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे 'मी स्वतःच', ते बाहेर कुठे जात नाहीत, त्यामुळे खूण म्हणून वापरायला निर्धोक. शेवटचा आकडा बदलून यादीत का आहे तेही सांगता येतं: उघडा रिले, व्हायरस लागलेलं मशीन, नामांकित स्पॅमर वगैरे.

यात नवीन काहीच बांधावं लागलं नाही हे बघा. डीएनएस प्रत्येक सर्व्हरकडे होतंच. प्रश्न एका छोट्या यूडीपी पॅकेटमध्ये जातो, उत्तर एकात येतं. आणि कॅशिंग आयतं मिळतं. तुमच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरने एकदा विचारलं की टीटीएल संपेपर्यंत तो स्वतःच उत्तर देतो, 'यादीत नाही' हे उत्तरसुद्धा ठरावीक वेळ लक्षात ठेवतो. हे कॅशिंग नसतं तर हौशी माणसांना असली सेवा चालवणं केवळ अशक्य होतं.

तरीसुद्धा हिशोब अंगावर येतोच. आपल्या बाजूने एक मेल आली तर एक प्रश्न. तुमची यादी दहा हजार सर्व्हरांनी वापरली तर दहा हजार सर्व्हरांवर येणाऱ्या प्रत्येक मेलचा प्रश्न तुमच्या दारात. म्हणजे जगात स्पॅम वाढला की तुमचं बिल वाढणार. स्पॅमरला मेल पाठवायचा खर्च जवळपास शून्य, आणि ती अडवणाऱ्याच्या पदरी मात्र मशीन, बँडविड्थ आणि रात्रीची झोप. हे गणित सुरुवातीपासून उलटं होतं.

लोकांनी त्यावर जे मार्ग काढले ते आजही शिकण्यासारखे आहेत. बाइंडसारखा सर्वगुणसंपन्न डीएनएस सर्व्हर लाखो नोंदींची यादी घेऊन बसला की मेमरी खातो आणि यादी पुन्हा वाचायला वेळ लावतो. मग मायकेल तोकारेव्हने आरबीएलडीएनएसडी नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो साध्या टेक्स्ट फाइली वाचतो, मेमरीत दाटीवाटीने बसवतो, फाइल बदलली की परत वाचतो, आणि उत्तर देतो. दुसरं काही येतच नाही त्याला. दुसरा मार्ग मिररांचा. मूळ यादी एका आड ठेवलेल्या मशीनवर बनते, तिथून आरसिंकने जगभरातल्या मिररांवर जाते, आणि लोकांना दिसतात ते फक्त मिरर. हे मिरर बहुधा कुणीतरी देणगी म्हणून दिलेले: एखादं विद्यापीठ, एखादी इंटरनेट कंपनी, रॅकमध्ये रिकामी जागा असलेला कुणी सिसअ‍ॅडमिन. आपल्याकडे गावच्या उरुसाला कुणी मांडव देतं, कुणी तांदूळ, कुणी नुसतीच मेहनत, त्यातलाच प्रकार. उरूस तीन दिवसांत संपतो एवढाच फरक.

आणि देणगीवर चालणाऱ्या गोष्टीला वकिलाची फी परवडत नाही. मॅप्सवर २००० साली एकामागोमाग खटले आले. येसमेल, हॅरिस इंटरॅक्टिव्ह, एक्झॅक्टिस. या काही रात्रीच्या अंधारात गोळ्या विकणाऱ्या टोळ्या नव्हत्या, नोंदणीकृत कंपन्या होत्या. त्यांचं म्हणणं, आमची मेल अडवून तुम्ही आमचा धंदा बुडवता. मॅप्सचं म्हणणं, आम्ही कुणाचीच मेल अडवत नाही, आम्ही फक्त आमचं मत छापतो. ते मानून अडवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. हा युक्तिवाद पुढे प्रत्येक यादीने वापरला. मला तो बराचसा पटतो, पण पूर्ण नाही. हजारो सर्व्हर तुमचं मत डोळे झाकून अमलात आणतात हे माहीत असताना ते नुसतं मत उरत नाही. २००१ च्या उन्हाळ्यात मॅप्सने फुकट सेवा बंद करून पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे ती केल्किया कंपनीत गेली आणि केल्कियासकट २००५ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या पोटात. न्यूझीलंडमधून अ‍ॅलन ब्राउन चालवत असलेली ऑर्ब्स ही उघड्या रिलेंची यादीही २००१ मध्येच कोर्टकचेऱ्यांनंतर बंद पडली.

पोकळी भरायला नव्या याद्या आल्या. त्यातली स्प्यूज सगळ्यात वादग्रस्त. ती कोण चालवतं हे कुणालाच माहीत नव्हतं, तक्रार करायला पत्ता नाही, फोन नाही. आणि एखाद्या इंटरनेट कंपनीने स्पॅमरला हाकललं नाही तर स्प्यूज हळूहळू त्याच्या शेजाऱ्यांनाही यादीत ओढायची, म्हणजे वैतागून तेच कंपनीवर दबाव आणतील. एका भाडेकरूने भाडं थकवलं म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडण्यासारखं. परिणाम होत असेलही, पण ज्याचा दोष नाही त्याची मेल अडकते त्याचं काय? चालवणारे निनावी का राहिले हे मात्र मॅप्सचे खटले बघितल्यावर समजतं.

स्प्यूजची यादी ज्या ठिकाणांहून लोकांना मिळायची त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे आपल्या जो जॅरेडचं ओसिरुसॉफ्ट. म्हणून मार त्याच्यावर आला. २००३ हे वर्ष स्पॅमविरोधी लोकांसाठी फार वाईट गेलं. व्हायरस लिहिणारे आणि स्पॅम पाठवणारे यांनी तोवर हातमिळवणी केली होती. सोबिगसारख्या किड्यांनी घरोघरीचे विंडोज पीसी ताब्यात घेतले, आणि तीच मशीनं स्पॅमही पाठवू लागली आणि यादीवाल्यांवर हल्लेही करू लागली. सप्टेंबरमध्ये मंकीज डॉट कॉमची यादी हल्ल्यांमुळे बंद झाली. त्याच वर्षी मायमेल नावाच्या किड्याच्या काही आवृत्त्यांमध्ये स्पॅमविरोधी साइट्सचे पत्तेच लक्ष्य म्हणून लिहून ठेवलेले होते. एकट्यादुकट्या माणसाच्या घरच्या लाइनवर हे सगळं. जॅरेडचा निर्णय मला चुकीचा वाटतो, पण त्या जागी बसून तो समजतो.

इथे एक बारीक मुद्दा आहे. यादीचा सर्व्हर मेला तर मेल सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो, टाइमआउट होतो, आणि सहसा मेल आत घेतो. मेल रेंगाळते पण पोचते. म्हणजे बंद पडलेल्या यादीमुळे कुणाची मेल हरवत नाही, आणि म्हणूनच ती बंद पडली आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये पाच वर्षांपूर्वी कुणीतरी एक ओळ लिहिली, तो माणूस नोकरी सोडून गेला, ओळ तिथेच आहे. आणि प्रश्न येतच राहतात.

डेन्मार्कच्या ओआरडीबीने नेमकं हेच भोगलं. १८ डिसेंबर २००६ ला त्यांनी रीतसर जाहीर करून यादी बंद केली. उघडे रिले फारसे उरलेच नव्हते, काम संपलं होतं. एवढा शहाणपणा फार थोड्या सेवा दाखवतात. पण सव्वा वर्षानंतरही लोकांचे सर्व्हर विचारतच होते. शेवटी मार्च २००८ मध्ये ओआरडीबीने प्रत्येक प्रश्नाला 'यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली. एका दिवसात जगभरचे अ‍ॅडमिन जागे झाले. एएचबीएल नावाच्या यादीने २०१५ च्या सुरुवातीला तेच केलं. सेवा द्यायचं थांबल्यावरही तुमच्यावर ट्रॅफिकचा बोजा पडतोय, आणि ओरडून सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. मग ओरडायची दुसरी पद्धत कुठली?

याचं उत्तर शेवटी कागदावर आलं. २०१२ च्या जानेवारीत आरएफसी ६४७१ निघालं, काळी यादी कशी चालवावी याचे शिष्टाचार. निकष जाहीर ठेवा, नाव काढायला पैसे मागू नका, नोंदी आपोआप शिळ्या होऊ द्या, यादी चालू आहे हे तपासायला १२७.०.०.२ ची नोंद कायम ठेवा आणि १२७.०.०.१ कधीच टाकू नका. आणि बंद करताना? जगाला यादीत टाकू नका. आधी भरपूर सूचना द्या, नाव चाचणीसाठी राखलेल्या निर्जन पत्त्यांकडे वळवा, आणि डोमेनची नोंदणी कायम करत राहा. हे शेवटचं कलम वाचताना मला पहिल्यांदा हसू आलं होतं. बंद केलेल्या फुकट सेवेचं डोमेन जन्मभर भरत राहायचं! पण ते किती खरं आहे ते पुढे सांगतोच.

त्याआधी स्पॅमहाउस. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्डने लंडनमध्ये सुरू केलेली ही संस्था या सगळ्यातून टिकली आणि सगळ्यात मोठी झाली. तिच्यावर इलिनॉयमधल्या ई-थ्री-सिक्स्टी या ईमेल मार्केटिंग कंपनीने खटला भरला. स्पॅमहाउस म्हणालं, आम्ही ब्रिटनमधले, तुमच्या कोर्टाचा आमच्यावर अधिकार नाही, आणि बचावातून अंग काढून घेतलं. २००६ मध्ये एकतर्फी निकाल लागला: १,१७,१५,००० डॉलर भरपाई. कंपनीने तर स्पॅमहाउसचं डोमेनच बंद करायची मागणी केली, आयकॅनने आपल्याला तसा अधिकार नाही म्हणून हात वर केले. अपील झाली, नुकसान सिद्ध करा म्हटल्यावर २०१० मध्ये ती रक्कम २७,००२ डॉलरवर आली, आणि २०११ मध्ये अपील कोर्टाने ती केली तीन डॉलर. हो, तीन.

मार्च २०१३ मध्ये त्यांच्यावर जो हल्ला झाला तो तोवरच्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. सायबरबंकर या डच होस्टिंग कंपनीला यादीत टाकल्यावरून भांडण पेटलं होतं. हल्ला सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत गेल्याचं क्लाउडफ्लेअरने सांगितलं. वेबसाइट कोलमडली, तिला क्लाउडफ्लेअरमागे न्यावं लागलं. यादीची उत्तरं मात्र देशोदेशीच्या मिररांवरून जात राहिली. ज्या रचनेचा जन्म पैसे नाहीत म्हणून झाला तीच इथे कामाला आली, एका ठिकाणी मारून ती पडत नव्हती. आणि हल्ल्याचं हत्यार कुठलं? कुणाच्याही प्रश्नाला उत्तर देणारे उघडे डीएनएस रिझॉल्व्हर. पंधरा वर्षांपूर्वीच्या ओपन रिलेचीच सावत्र भावंडं.

आपल्या इथला संबंध सांगायचा तर, २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफॉसच्या मोजणीत स्पॅम पुढे पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला होता. आपण मोठे स्पॅमर म्हणून नाही, तर घरोघरी अँटिव्हायरस नसलेले, व्हायरस लागलेले पीसी म्हणून. आजही पुण्यात किंवा पणजीत घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर लावून बघा, मोठे मेलवाले दारातूनच परत पाठवतात. कारण घरगुती पत्त्यांवरून थेट मेल येऊच नये असं धरून स्पॅमहाउसची पीबीएल ही वेगळी यादी आहे. तिथे नाव असणं म्हणजे गुन्हा नाही, पण हे पहिल्यांदा कळणाऱ्याला तसं वाटत नाही.

आणि एक खास सापळा. स्पॅमहाउसची फुकट सेवा छोट्यांसाठी आहे, दिवसाला एक लाख मेल कनेक्शन आणि तीन लाख प्रश्नांच्या आत. कोण किती विचारतंय हे रिझॉल्व्हरच्या पत्त्यावरून मोजतात. तुम्ही गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर लावला असेल तर तुमचा प्रश्न कोट्यवधी लोकांच्या गर्दीतून येतो, मग उत्तर मिळतं १२७.२५५.२५५.२५४. अर्थ: असं विचारू नका. पण ज्या सर्व्हरला 'काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत' असं शिकवलंय, तो हे ऐकून सगळीच मेल नाकारतो. मेल सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा आणि नेमके कोणते आकडे मानायचे ते कॉन्फिगमध्ये लिहा. दोन ओळींचं काम आहे.

आता ते डोमेनचं. मे २०१८ मध्ये स्पॅमकॅनिबल नावाच्या मरगळलेल्या यादीचं डोमेन संपलं. संपलेल्या डोमेनवर जाहिरातींचं पान लावतात, आणि त्यासाठी त्या डोमेनखालच्या कुठल्याही नावाला एकच आयपी देतात. कुठल्याही नावाला, म्हणजे उलट्या केलेल्या प्रत्येक पत्त्यालाही! पुन्हा अख्खं जग यादीत. जानेवारी २०२१ च्या अखेरीस हेच स्पॅमकॉपचं झालं. १९९८ पासून चालत आलेली, आयर्नपोर्टमार्फत सिस्कोच्या मालकीची झालेली ही चालू यादी. एवढी मोठी कंपनी, आणि डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं. ज्यांनी उत्तर १२७ ने सुरू होतंय का हे तपासलं होतं त्यांना काही झालं नाही, बाकीच्यांच्या मेल परत गेल्या.

शेवटी सॉर्ब्स. ऑस्ट्रेलियातून स्वयंसेवकांनी सुरू केलेली, क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आसऱ्याने वाढलेली ही यादी. २००९ मध्ये विद्यापीठाने जागा काढून घेतली तेव्हा ती संपणारच होती, पण जीएफआयने घेतली, नंतर प्रूफपॉइंटने. वीसेक वर्षांत तिने भरपूर शिव्या खाल्ल्या, त्यातल्या काही वाजवी होत्या. ५ जून २०२४ ला ती बंद झाली. कुणालाही यादीत टाकलं नाही, नाव दुसऱ्याच्या हातात जाऊ दिलं नाही. फाइली रिकाम्या केल्या. सर्व्हरांचे प्रश्न त्यानंतरही येत होते, आणि प्रत्येकाला एकच उत्तर जात होतं: असं कुणी आमच्याकडे नाही.